बंद पुडीतला पिवळा हिरा

गुरुवारी दुपारी अँटवर्पच्या हिरेबाजारात बारेंड स्टापेलने पुडीवरची आपली सही तपासली, शेजारच्या दोघांना दाखवली, चिकटपट्टी फाडली आणि पुडी पांढऱ्या कागदावर उलटी केली. हिरा घरंगळत कागदाच्या मध्यावर येऊन थांबला. स्टापेलचे दोन्ही हात टेबलावर होते. ते तिथेच राहिले.

"हा माझा हिरा नाही," तो म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण आजूबाजूची बोलणी थांबली. समोर दलाल लायझर गुटवाइन बसला होता. हिरा त्यानेच आणला होता. त्याला ती थट्टा वाटली आणि तो हसला. मग त्याने कागदाकडे पाहिले.

बाजाराचे अध्यक्ष ओबरलँडर उठून आले. त्यांनी चिमट्याने हिरा उचलला, उत्तरेच्या खिडकीशी नेला, घडी घातलेल्या पांढऱ्या कार्डावर पालथा ठेवला आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली. वाफ टिकते तेवढा क्षणभर हिऱ्याची चमक मरते आणि अंगचा रंग दिसतो. त्यांनी दोनदा पाहिले.

"केप," ते म्हणाले.

सोमवारी पुडीत गेला तो हिरा रिव्हर होता. रिव्हर म्हणजे पाण्यासारखा, रंगाचा मागमूस नसलेला. केप म्हणजे अंगात पिवळट झाक असलेला. वजन तेच असले तरी दोघांच्या किमतीत तिपटीचा फरक.

शुक्रवारी सकाळी एल्स व्हर्माइरेनला बोलावणे आले. भौतिकशास्त्र शिकून ती जवळच्याच एका लहान तपासणी प्रयोगशाळेत काम करत होती. बाजारातले लोक त्या जागेला 'दवाखाना' म्हणत. ज्याच्या मालावर कुणाचा विश्वास नाही तो तिथे जातो, अशी त्यांची थट्टा होती.

ओबरलँडर तिला जिन्यातच भेटले. समिती दुपारी बसणार होती. हिवाळ्यातला उजेड लवकर जातो, आणि त्यांना स्वतःला व लायझरलाही सूर्यास्ताला ज्यूंचा सब्बाथ, म्हणजे कामबंदीचा दिवस, लागण्याआधी घरी पोचायचे होते.

"तुम्ही कुणाच्या बाजूच्या नाही, म्हणून बोलावलं," ते म्हणाले. "बघा आणि सांगा. फक्त हिऱ्याला हात लावायचा नाही. वादातल्या हिऱ्याला निकाल लागेपर्यंत पाणी, कापड, स्पिरिट, काही म्हणजे काही लागता कामा नये. नियम माझ्या वडिलांच्या काळचा आहे. चिमटा मी धरणार."

"आणि निकाल विरुद्ध गेला तर लायझरचं काय?"

ओबरलँडरनी दाराजवळच्या फळ्याकडे मान वळवली. तिथे बाजारातून काढलेल्या माणसांचे फोटो लागत. तोच फोटो लंडनला, न्यूयॉर्कला, तेल अविवला, मुंबईला जाई. त्यानंतर जगात कुठेही त्या माणसाच्या हातात कुणी पुडी देत नसे. लायझरला दुसरे काही काम येत नव्हते. त्याच्याकडे ना माल होता ना दुकान. होती ती फक्त जीभ. तो 'आहे' म्हणाला की लोक आहे असे धरून चालत.

बाजाराची रीत साधी होती. घेणारा हिरा पाहून भाव सांगतो. मग हिरा पुडीत बंद होतो आणि पट्टीवर घेणारा सही करतो. विकणाऱ्याचा होकार किंवा नकार येईपर्यंत पुडी दलालाकडे राहते आणि ती कुणीही उघडत नाही. लायझरकडे ती सोमवारपासून गुरुवारपर्यंत होती. सगळा बाजार त्याच दिवसांबद्दल बोलत होता.

एल्सने आधी स्टापेलला गाठले. अंगाने भरलेला, बोलायला गोड असा हा माणूस खिडकीजवळच्या आपल्या नेहमीच्या जागी बसला होता.

"या बाई. दिवे आणलेत का बरोबर? आमच्या आजोबांचं सूर्यावर भागायचं."

"पुडीवरची सही तुमचीच होती?"

"माझीच."

"पट्टी उकलून पुन्हा चिकटवल्यासारखी वाटली?"

"नाही. म्हणून तर सगळ्यांना दाखवली. पण गोंद वाफेने सुटतो हे पोस्टमनलासुद्धा माहीत असतं. आणि लायझरचा मेहुणा पुस्तकं बांधतो. मी काही म्हणत नाही, आहे ते सांगतो."

तुम्हाला काय हवे, असे तिने विचारले. स्टापेलने सांगितले की तो नियमापलीकडे काही मागत नाही. पुडीत निघालेला हिरा तो केपच्या भावात घेईल. हिऱ्याचे मालक चिनुभाई, त्यांचे उरलेले नुकसान लायझरने भरावे. हिरा तसाच लायझरच्या गळ्यात मारता आला असता, पण माणूस पार बुडावा अशी त्याची इच्छा नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी मान हलवली. स्टापेल मोठ्या मनाने वागतो आहे असे सकाळपासून सगळेच म्हणत होते.

चिनुभाई मूळचे पालनपूरचे, पण त्यांची मुले इथल्याच शाळेत शिकलेली. ते थर्मासचे झाकण हातात फिरवत बसले होते. चहा ओतायचे विसरून गेले होते.

"आतली चीर तीच आहे, बाई. माथ्याच्या खाली, माशाच्या परासारखी. वजन तेच, चार कॅरेट तीन सेंट. पण माझा हिरा पांढरा होता हो. हा माझाच म्हटलं, तर उद्या लोक म्हणतील की चिनुभाई केपला रिव्हर म्हणून विकतो. माझा नाही म्हटलं, तर लायझरभाई गेले. मग मी काल काय केलं, ठाऊक आहे? गप्प बसलो."

"आज समितीपुढे काय सांगाल?"

त्यांनी झाकण थर्मासवर बसवले आणि पुन्हा काढले.

लायझर बाहेरच्या बाकावर ओव्हरकोट न काढता बसला होता. एल्स जवळ आली तसा तो उठून उभा राहिला. परक्या बाईशी तो हात मिळवत नसे, त्यामुळे त्याने नुसती मान लववली.

"विचारा. कालपासून मला सगळे विचारतात की वाफ कशी दिली. कितीदा तरी वाटलं, किटली आणून दाखवूनच टाकावं."

"सोमवारचं सांगा. पुडी बंद होण्याआधीचं."

ते कुणीच विचारले नव्हते.

त्याने सांगितले ते असे. स्टापेलने हिरा खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. भाव सांगितला. तेवढ्यात दुपारच्या प्रार्थनेला कोपऱ्यात दहावा माणूस कमी पडत होता, म्हणून कुणीतरी लायझरला हाक मारली. दहा पुरुष असल्याशिवाय ती प्रार्थना होत नाही, आणि अशा हाकेला कुणी नाही म्हणत नाही. हिरा स्टापेलच्या टेबलावर ठेवून तो गेला. हिरा घेणाऱ्याजवळ ठेवून जाणे यात विशेष काही नव्हते. रोजच कुणी ना कुणी तसे जाई.

"परत आलात तेव्हा?"

"पुडी घडी घालून तयार होती. स्टापेल पट्टीवर सही करत होते."

"घडी दलाल घालतो ना?"

"घालतो. त्यांनी माझं काम वाचवलं. मी आभार मानले."

"तुम्ही उघडून पाहिली नाही?"

"बाई, समोरच्याने घडी घातलेली पुडी त्याच्या डोळ्यांदेखत उघडायची? त्यापेक्षा थोबाडीत मारलेली बरी."

ओबरलँडरनी आपल्या खोलीत हिरा काढला. एल्सने कॅरेटच्या शतांशापर्यंत, म्हणजे सेंटपर्यंत, वजन दाखवणारा तराजू लावला. चार कॅरेट तीन सेंट. भिंगातून पाहिले. चीर होती, माशाच्या परासारखी. घाटही तोच.

हिऱ्याचे मोल चार गोष्टींवर ठरते: वजन, घाट, आतली स्वच्छता आणि रंग. पहिल्या तिन्हींना तराजू, फूटपट्टी आणि भिंग साक्षीला असतात. रंगाला साक्ष असते ती खिडकीशी उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांची. या हिऱ्यात तीन गोष्टी जागच्या जागी होत्या. सरकली होती ती नेमकी चौथी.

वजन शतांशापर्यंत तेच आणि चीरही तीच, असा दुसरा हिरा जगात शोधायला किती वर्षे लागतील, असे तिने विचारले. ओबरलँडर म्हणाले की तोच विचार त्यांची झोप घालवतो आहे. पण हिरा बंद पुडीत पिवळा होत नाही, हे त्यांना त्याहून पक्के माहीत होते.

तिने पुन्हा भिंग लावले. हिऱ्याचा वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात ती कड पॉलिश केलेली नसते. ती खडीसाखरेसारखी मंद दिसते. या हिऱ्याची कड किंचित तुळतुळीत वाटत होती. वाटत होती, एवढेच.

मग तिने पिशवीतून मोरचुदाच्या निळ्या पाण्याचा चंबू, दिवा आणि बोटाएवढी नळी काढली. निळ्या पाण्यातून गाळलेला उजेड हिऱ्यातून जाऊ दिला आणि नळीतून त्याचा वर्णपट पाहिला. केप हिरे पिवळे असतात ते त्यांच्यातल्या नायट्रोजनमुळे, आणि तो नायट्रोजन जांभळ्या पट्ट्यात एक काळी रेघ सोडतो. पिवळेपणा जितका जास्त तितकी रेघ गडद. ओबरलँडरच्या अंगठीत एक जुना केप होता. तिने तो मागून घेतला. रेघ ठळक दिसली. मग वादातला हिरा पुन्हा पाहिला.

जांभळा पट्टा कोरा होता.

"हा पिवळेपणा हिऱ्याचा नाही," ती म्हणाली. "बाहेरून लावलेला आहे. बहुधा कडेला, रंगीत लाखेचा पातळ हात. हा हिरा आम्लात उकळून द्या. पाच मिनिटांत कळेल."

ओबरलँडरनी नळीला डोळा लावला, बराच वेळ पाहिले आणि नळी खाली ठेवली.

"मला इंद्रधनुष्य दिसतं. रेघ आहे की नाही, मला सांगता येत नाही. समितीतही कुणाला येणार नाही. आणि धुवायचं म्हणाल तर नियम सांगितला."

"नियम हिऱ्याला जपायला आहे. इथे तो रंगाला जपतोय."

"असेल. पण आज मी तो एका माणसासाठी मोडला, तर उद्या दुसऱ्यासाठी का नाही, हे कोणाला काय सांगू?" ते कठोर नव्हते. त्यांचे डोळे लाल होते. "दोन्हीकडची माणसं हो म्हणाली तर धुता येतो. स्टापेलना सकाळीच विचारलं. ते नको म्हणाले. हिरा पुरावा आहे, तो तसाच राहू दे, म्हणाले."

एल्स खुर्चीत बसली. उत्तर तिच्यासमोर पांढऱ्या कार्डावर पडले होते आणि त्याला हात लावायची तिला मुभा नव्हती. खिडकीतला उजेड पिवळसर होऊ लागला होता. तासाभरात या उजेडात सगळेच हिरे केप दिसले असते.

समिती बसली. लांब टेबलाच्या एका टोकाला ओबरलँडर, बाजूला आणखी दोघे, समोर स्टापेल, चिनुभाई आणि लायझर. एल्सने रेघेबद्दल सांगितले. एक सदस्य म्हणाला की हे शाळेत ठीक आहे. कुणी हसले नाही, पण कुणी पुढे विचारलेही नाही.

तेव्हा तिने स्टापेलला विचारले, "हा हिरा चिनुभाईंचा आहे का?"

"नाही. कालपासून तेच सांगतोय."

"नक्की?"

"चिनुभाईंचा पांढरा होता. हा बदललेला आहे."

"मग हा कोणाचा?"

स्टापेलने खांदे उडवले. "ज्याने बदलला त्याचा. लायझरचा."

"तुमचा नाही, चिनुभाईंचाही नाही. लायझरचा." ती ओबरलँडरकडे वळली. "स्वतःचा हिरा धुवायला मालकाला कुणाची परवानगी लागते का?"

ओबरलँडरनी दोन्ही सदस्यांकडे पाहिले. परवानगी लागत नव्हती.

"हे चालणार नाही," स्टापेल म्हणाला. "हिरा पुरावा आहे."

"तुमचा नाही ना?" ओबरलँडर हळूच म्हणाले. "मग तुम्ही का अडवता?" ते लायझरकडे वळले. "लायझर, हा हिरा तुझा आहे का?"

एल्सला वाटले होते की तो लगेच हो म्हणेल. त्याचा चेहरा पाहिला तेव्हा आपण त्याला कुठे आणून उभे केले आहे ते तिला कळले. हा हिरा माझा, असे म्हणणे म्हणजे मी बदलला असे म्हणणे. हिरा पांढरा निघाला नाही तर ते वाक्य कबुलीजबाब म्हणून कायम राहणार होते.

"समजा म्हणून बोललो तर?" लायझरने विचारले. "वादापुरतं?"

"इथे समजा नाही," ओबरलँडर म्हणाले. "तुला माहीत आहे. आहे किंवा नाही."

"पण तो माझा नाही, झेलिग." पहिल्यांदाच त्याने अध्यक्षांना नावाने हाक मारली. "तो चिनुभाईंचा आहे. आपण सगळ्यांनी तो सोमवारी पाहिलाय."

चिनुभाईंनी डोळे मिटून घेतले होते. लायझर त्यांच्याकडे बघत राहिला. ते बोलले असते तर त्याला बोलावे लागले नसते. ते बोलले नाहीत.

"माझा आहे," लायझर म्हणाला. "धुवा."

शेजारच्या खोलीत प्रत्येक व्यापाऱ्याकडे असते तशी काचनळी आणि स्पिरिटचा दिवा होता. ओबरलँडरनी स्वतः गंधकाम्ल ओतले, सोऱ्याची चिमूट टाकली आणि हिरा आत सोडला. आम्ल उकळले. कडेपासून तपकिरी धाग्यासारखे काहीतरी सुटले आणि विरघळून गेले. आम्ल निवल्यावर त्यांनी हिरा धुतला, पुसला, खिडकीशी नेला, कार्डावर पालथा ठेवला. त्यावर वाफ सोडली.

त्यांनी कार्ड सदस्यांपुढे धरले. मावळत्या उजेडातही हिरा पाण्यासारखा होता.

"आता सांगा," ते एल्सला म्हणाले.

तिने बसूनच सांगितले. सगळे पुडी बंद होती त्या दिवसांचा शोध घेत होते. पण पट्टी उकललेली वाटत नव्हती, हे खुद्द स्टापेलच सांगत होते, आणि लायझरला रंग लावून काही मिळणार नव्हते. मग रंग लागला तो पट्टी लागण्याआधी. लायझर प्रार्थनेला गेला तेवढा वेळ हिरा एकट्या स्टापेलजवळ होता, आणि तो परत येईपर्यंत घडी घालून झाली होती. घडी घातलेली पुडी लायझर उघडणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

"याने एवढंच ठरतं की त्यांना हे करता आलं असतं. केलं त्यांनीच, हे कालच्या दुपारवरून कळतं. काल पुडी उलटी झाली तेव्हा यांनी हिरा उचलला नाही. पालथा केला नाही. खिडकीशी नेला नाही. अध्यक्षांना रंग ठरवायला दोनदा वाफ सोडावी लागली. यांनी हात टेबलावर ठेवून, बसल्या जागेवरून सांगितलं. नीट न बघता एवढं त्यालाच सांगता येतं, ज्याला आत काय आहे ते आधीच माहीत आहे."

"नजर असते एकेकाची," स्टापेल म्हणाला.

"असेल. मग आज सकाळी धुवायला नको का म्हणालात? पिवळा धुतला तर पिवळाच राहतो. तुम्हाला तो केपच्या भावात न्यायचा होता, रंगासकट. घरी जाऊन तुम्ही स्वतःच उकळला असता आणि रिव्हर म्हणून विकला असता. फरक लायझरने भरला असता. आणि लोकांनी तुम्हाला दयाळू म्हटलं असतं."

स्टापेलने सगळ्यांकडे एकेक करून पाहिले. कुणीच त्याच्याकडे पाहत नव्हते. तो उठला, आपले भिंग खिशात टाकू लागला. ओबरलँडरनी हात पुढे केला आणि बाजाराचा बिल्ला मागितला. त्याने तो काढून टेबलावर ठेवला. फळ्यावर त्याचा फोटो लागणार हे कुणी मोठ्याने सांगितले नाही.

तो गेल्यावर सदस्यांनी लायझरचा हात हातात घेतला. ज्याने शाळेबद्दल टोमणा मारला होता तो एल्सला म्हणाला की दवाखान्यात औषध मिळते खरे. लायझरने सगळ्यांशी हात मिळवले आणि ओबरलँडरना विचारले की ते मघाचे वाक्य परत घेता येईल का.

"कुठलं वाक्य?"

"माझा आहे, म्हणालो ते."

ओबरलँडर हसले. "अरे, त्याच वाक्याने तर तू सुटलास. घरी जा. बायको वाट बघत असेल."

रस्त्यावर दुकानांच्या लोखंडी जाळ्या खाली येत होत्या. लायझर कोटाची बटणे लावत उभा होता. एल्स त्याच्याजवळ गेली. ती युक्ती माझी होती, तुमची नव्हे, असे तिने सांगितले.

"युक्ती तुमची, बाई. तोंड माझं."

"आतल्या प्रत्येकाला माहीत होतं तुम्ही तसं का म्हणालात."

त्याने मान डोलावली. तो तिच्यावर रागावलेला नव्हता. ते तिला जास्त जड गेले.

चिनुभाई धापा टाकत बाहेर आले. नव्या कागदात बांधलेली पुडी त्यांच्या हातात होती. लायझरभाई, मला माफ करा, असे ते दोनदा म्हणाले. मग पुडी पुढे केली. सोमवारी तुम्हीच विका, दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, म्हणाले.

लायझरने हात कोटाच्या खिशात घातले.

"दुसऱ्या कुणाला तरी द्या, चिनुभाई."

"पण आता काय राहिलं? सगळं स्पष्ट झालं ना."

"आत मी खोटं बोललो आणि सुटलो. त्याआधी खरं बोलत होतो, तेव्हा कुणी ऐकलं नाही." तो हे शांतपणे, जणू हिशेबाची चूक दाखवावी तसा सांगत होता. "सोमवारी मी कुणाला म्हणेन, रिव्हर आहे. ते मी कुठल्या आवाजात म्हणू?"

त्याने दोघांना सब्बाथच्या शुभेच्छा दिल्या आणि स्टेशनच्या दिशेने निघाला. उशीर झाला होता, तरी तो भराभर चालत नव्हता.

चिनुभाईंनी एल्सकडे पाहिले. तिने इतके शोधून काढले होते, तर याचेही उत्तर तिच्याकडे असेल अशा नजरेने. ती लायझरच्या पाठीकडे पाहत होती. कोपऱ्यावर लायझर वळला. चिनुभाईंचा हात पुडीसकट अजून पुढेच होता.